दसरा काढताना दिसणारा मोठा कोळी

नांदेड-लातूरकडच्या घरांत मोठा कोळी नजरेला पडतो तो मुख्यतः भाद्रपदाच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत. एरवी वर्षभर तो घरात नव्हताच असे सगळ्यांना वाटत असते. मग पितृपंधरवडा लागतो, घटस्थापनेआधी दसरा, म्हणजे घराची सणाआधीची साफसफाई, काढायला घेतला जातो, आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी सरकवली की तळहाताएवढा तपकिरी कोळी भिंतीवरून तिरका पळत छताच्या कोपऱ्यात जाऊन थांबतो. त्याच्याशी पहिली गाठ पडते ती काम करणाऱ्यांची. गोधड्या-वाकळा उपसणाऱ्या बायका, भिंती खरवडणारे रंगारी, नांदेडच्या मोंढ्यात आणि लातूरच्या मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या हलवणारे हमाल, शिकायला आलेल्या मुलामुलींच्या खोल्या झाडणाऱ्या मावशी, या सगळ्यांना हा कोळी दरवर्षी भेटतो. त्याला कसे हाताळायचे याचे बरेचसे शहाणपण त्यांच्याकडूनच मिळते, आणि काही गैरसमजही त्यांच्या बोलण्यातूनच पसरतात.

हा कोळी जाळे विणत नाही. प्राणिशास्त्रात त्याचे नाव हेटेरोपोडा व्हेनेटोरिया. लिनियसने १७६७ साली त्याची नोंद केली, आणि जगातल्या जवळजवळ सर्व उष्ण प्रदेशांत तो माणसाच्या घरात राहतो. धड दोन-अडीच सेंटिमीटरचे, पण पाय पसरले की पसारा दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत जातो. घाबरवतो तो हा पसाराच. अंग चपटे आणि पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना फाकलेले असल्याने तो आडवाही तितक्याच वेगाने पळतो आणि बोटही जाणार नाही अशा फटीत सहज शिरतो. डोळ्यांखाली कपाळपट्टीसारखी एक फिकट आडवी रेघ असते. ती दिसली की ओळख पक्की. नर सडपातळ आणि लांब पायांचा असतो, मादीचे पोट भरलेले असते. दिवसभर तो दाराच्या चौकटीमागे, देवादिकांच्या तसबिरीमागे किंवा रचून ठेवलेल्या सरपणात दबून बसतो आणि रात्री शिकारीला निघतो. त्याचे आवडते खाद्य म्हणजे झुरळ. स्वयंपाकघरातला दिवा रात्री उशिरा लावला तर ओट्याच्या कडेला झुरळ तोंडात धरून स्थिर बसलेला कोळी बऱ्याच घरांत पाहायला मिळतो. ज्या घरात हा कोळी अंगापिंडाने धष्टपुष्ट आहे, त्या घरात झुरळांची कमतरता नाही असे खुशाल समजावे.

झाडताना कधी कधी मादीच्या पोटाखाली पांढरट, चपटी, गोल थैली दिसते. ती साधारण रुपयाच्या नाण्याएवढी असते. त्या थैलीत अंडी असतात, आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत मादी ती पोटाशी धरूनच राहते. या काळात ती फारसे खात नाही आणि सहसा जागाही सोडत नाही. केरसुणीचा फटका बसून थैली फुटली तर शंभराच्या वर बारीक पिल्ले भिंतभर पसरतात, आणि मग ती गोळा करणे कोणाच्याही हातात राहत नाही. म्हणून थैलीवाली मादी दिसली की अनुभवी बाई हातातला फडा खाली ठेवते आणि आधी डबा शोधते.

कॅलेंडरमागे किंवा कपाटाच्या पाठीला चिकटलेला, आठही पाय जागच्या जागी असलेला ‘मेलेला कोळी’ सापडतो, तो बहुतेक वेळा कोळी नसतोच. ती त्याने टाकलेली कात असते. नीट पाहिले तर पाठीवरचे कवच डब्याच्या झाकणासारखे उघडलेले दिसते. आतला कोळी तिथून बाहेर पडलेला असतो. कात हाताला कागदाहून हलकी लागते आणि उजेडासमोर धरली की आरपार दिसते. खरोखर मेलेल्या कोळ्याचे पाय मात्र पोटाकडे मुडपलेले असतात. कोळ्याला पाय आत ओढायला स्नायू आहेत, पण मुख्य सांधे सरळ करायला नाहीत; ते काम शरीरातल्या द्रवाच्या दाबाने होते. जीव गेला की दाब जातो आणि पाय आपोआप आखडतात. एका घरात तीन-चार काती सापडल्या म्हणजे तितके कोळी आहेत असे नाही. वाढताना एकच कोळी पुन्हा पुन्हा कात टाकतो.

हा कोळी याच दिवसांत का दिसतो, याचे सरळ उत्तर लोक ‘थंडी पडायला लागली म्हणून आत येतो’ असे देतात. मराठवाड्यात ते लागू पडत नाही. आश्विनातले ऊन भाजून काढणारे असते आणि खरी थंडी दिवाळीनंतरची. ब्रिटनमध्येही सप्टेंबर-ऑक्टोबरात घरात मोठे कोळी दिसल्याची तक्रार होते. तिथला कोळी वेगळ्या जातीचा, नरसाळ्यासारखे जाळे विणणारा. त्यातले नर त्या दिवसांत मादीच्या शोधात जाळे सोडून हिंडू लागतात म्हणून ते नजरेला येतात; बरेचसे आधीपासून घरातच असतात. दोन्हीकडचे कोळी निराळे आणि कारणेही निराळी, पण आधीपासून घरात असण्याची गोष्ट इथेही खरी आहे. मोठा कोळी बाहेरून येण्यापेक्षा आतून उघडा पडतो, आणि त्याला उघडा पाडतो तो दसऱ्याचा झाडू. वर्षभर न हललेली पेटी हलते, भिंतीपासून कपाट सरकते, महालक्ष्म्यांची मांडणी उतरवून सामान माळ्यावर जाते, बाजा अंगणात निघतात. जिथे हात पोहोचत नव्हता तिथे तो पोहोचतो.

याला पावसाची जोड आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत किडे वाढतात, आणि पावसाळा सरता सरता ते दिव्याभोवती गर्दी करतात. बल्बखाली सकाळी पंखांचा केर साचतो, हिरवे तुडतुडे भिंतीला चिकटतात. खाणे वाढले की खाणाराही तिथे वळतो. दारावरचा पांढरा लख्ख एलईडी रात्रभर चालू असेल तर त्याखालच्या भिंतीवर पाली आणि कोळी हटकून जमतात. दिवा बदलून पिवळसर मंद लावला किंवा झोपताना बंद केला, तर ही गर्दी निम्म्याहून ओसरल्याचे घरोघर सांगतात.

तिसरे कारण शेतातले. या दोन्ही जिल्ह्यांत सोयाबीनचा पेरा फार मोठा, आणि त्याची काढणी येते ती नेमकी नवरात्राच्या आगेमागे. उभे पीक कापले की त्यात राहणारे जीव निराधार होतात. पानापानांवर दबा धरणारे काटेरी पायांचे कोळी, गोल जाळे विणणारे कोळी, जमिनीवर धावणारे लांडग्या कोळी हे सगळे गंजीत, मग मळणी यंत्राच्या आसपास, भुसकटात आणि शेवटी पोत्यांबरोबर घरापर्यंत येतात. कृषी खात्याची माणसे शेतकऱ्याला कोळ्यांची ओळख ‘मित्रकीटक’ अशीच करून देतात. आठ पायांचा हा प्राणी कीटकांच्या वर्गात बसत नाही, पण अळ्या आणि तुडतुडे खाण्याच्या बाबतीत मैत्री खरीच आहे. शेतातून आलेला हा कोळी घरात टिकत नाही. कोरड्या फरशीवर त्याला ना आडोसा मिळतो ना शिकार, आणि दोन-चार दिवसांत तो निघून जातो किंवा मरतो. पोती ओसरीवर झटकून मगच आत घ्यावीत, एवढ्याने हे काम भागते.

घर कसे बांधले आहे यावरही कोळ्याचा मुक्काम ठरतो, आणि या भागात घराच्या बांधणीला एक मोठा इतिहास आहे. जुने घर म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळया, त्यावर आडव्या किलच्या, त्यावर मातीचा जाड थर. भिंतीत देवळ्या आणि कोनाडे, धान्यासाठी बळद. उन्हाळ्यात असे घर गार राहायचे, पण फटींना अंत नव्हता, आणि कोळी, विंचू, पाली हे त्या घराचे कायमचे भाडेकरू होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद भागातली असली हजारो घरे माणसांवर कोसळवली. माळवदाच्या मातीचे ओझेच जिवावर उठले. त्यानंतर पन्नासच्या वर गावे नव्या जागी वसली, सिमेंटची घरे आली, आणि आसपासच्या इतर गावांतही माळवद उतरवून पत्रे किंवा स्लॅब घालण्याकडे लोकांचा कल झाला. भिंतीतल्या फटी गेल्या तसा कोळ्यांचा आसराही आक्रसला. तरी तो गेला नाही. स्लॅबच्या घरात त्याने लाकडी चौकटीमागची पोकळी धरली, पत्र्याच्या घरात पत्रा आणि भिंत यांच्यामधली वीतभर जागा. न्हाणीघराचा उघडा पाइप आणि मोरीचे तुटके झाकण या तर झुरळांच्या वाटा, आणि झुरळांमागे कोळी येतोच. मोरीला जाळी बसवणे आणि चौकटीच्या कडा सिमेंटने किंवा पुट्टीने भरून घेणे ही दोन कामे रंगारी घरात असतानाच उरकली तर पुढच्या वर्षीचा त्रास बराच कमी होतो.

मोठ्या कोळ्याच्या नावावर जमा होणारी घाण त्याची नसते. छताच्या कोपऱ्यात लोंबणारी काळी जळमटे विणतो तो दुसराच, केसाएवढ्या बारीक लांब पायांचा, उलटा लटकणारा कोळी. बोट लागले की तो जाळ्यासकट जोरात थरथरू लागतो आणि इतका झुलतो की नेमका दिसतच नाही. जुने जाळे तो मोडत नाही, शेजारी नवे विणतो. जुन्यावर धूळ आणि चुलीचा धूर बसला की त्याचे जळमट होते. जळमट असलेल्या घरात लक्ष्मी येत नाही या समजुतीने ते काढले जाते, पण हा कोळी डासही खातो हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. खिडकीच्या काचेवर दिवसा टुणटुण उड्या मारणारा छोटा कोळी तिसरा. माश्या धरतो आणि कोणाच्या वाटेला जात नाही, त्याला हात लावण्याचे कारणच नाही.

दसरा काढायला काम वरून खाली येते. आधी माळा, मग छत आणि भिंती, मग कपाटे, शेवटी फरशी. उलट केले तर झाडलेल्या फरशीवर पुन्हा केर पडतो, आणि कोळी खालून वर पळून हाताबाहेर जातो. काठीला फडा बांधून जळमटे काढताना फडा फटकारायचा नसतो, भिंतीला टेकवून गोल फिरवत गुंडाळून घ्यायचा असतो. त्याने भिंतीवर काळे ओघळ उठत नाहीत आणि कोळी अंगावर पडत नाही. डोक्याला पदर किंवा रुमाल बांधलेलाच बरा. त्यानंतर अंथरुणे निघतात. गोधड्या आधी अंगणात दांडीवर टाकून काठीने झोडायच्या, मगच पाण्यात घालायच्या. नांदेडला गोदावरीच्या घाटावर या दिवसांत गोधड्यांची रांग लागते. लातूरकडे पाणी कमी असलेल्या वर्षी धुणे आटोपते घ्यावे लागते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहराला हे वेगळे सांगायला नको. पण पाणी नसले तरी अंथरुणे उन्हात टाकणे आणि झोडणे चुकत नाही, आणि कोळी-विंचवांच्या दृष्टीने तेवढे पुरेसे असते.

समोर आलेला मोठा कोळी धरण्याची रीत सोपी आहे. ती एकदा दुसऱ्याने करताना पाहिली की भीती अर्धी होते. रुंद तोंडाची पारदर्शक प्लास्टिकची बरणी आणि जाड कागद एवढेच लागते. जुनी लग्नपत्रिका यासाठी उत्तम, कारण ती ताठ असते. कोळी स्थिर बसला असताना बरणी हळू जवळ न्यायची आणि एकदम झाकायची. घाई करायची ती फक्त शेवटच्या वीतभर अंतरात. अरुंद ग्लास घेतला तर पाय काठाखाली चेंगरतात आणि तुटतात. लहान कोळ्याला तुटलेला पाय पुढच्या काती टाकताना पुन्हा येतो, पूर्ण वाढ झालेल्याला येत नाही. बरणी भिंतीला दाबलेली ठेवून कागद कडेने आत सरकवायचा, कोळी स्वतःच बरणीत वर सरकतो. मग अंगणापलीकडे, सरपणाच्या ढिगाजवळ, गोठ्यात किंवा दगडी कुंपणाशी सोडायचे. कोळी छताजवळ असेल तर बरणी खालून धरायची आणि वरून फड्याच्या टोकाने हलका स्पर्श करायचा. बहुतेकदा तो सरळ आत पडतो. स्टीलचा तांब्या या कामाला निरुपयोगी आहे. आत काय चालले आहे ते दिसत नाही, आणि न दिसल्याने हात कापतो.

वसतिगृहांमधली गोष्ट थोडी निराळी. लातूर आणि नांदेडला बाहेरगावची मुले मोठ्या संख्येने शिकायला राहतात. एका खोलीत तीन-चार पलंग, त्याखाली पेट्या, डब्यांत घरून आलेले लाडू-चिवडा. झुरळांना याहून चांगली जागा नाही. रात्री अभ्यासाच्या टेबलावर कोळी दिसला की खोलीभर आरडाओरडा होतो आणि सकाळी मावशींना बोलावणे येते. मावशी तो कागदावर घेऊन बाहेर टाकतात, पण पलंगाखालची खरकटी ताटली तशीच राहिली तर आठवड्यात दुसरा येतो. अशा खोलीत कोळ्याच्या मागे लागण्याऐवजी कोपऱ्यांत झुरळांचे जेल लावणे आणि खाण्याचे डबे घट्ट बंद ठेवणे जास्त कामाचे.

फवाऱ्याचा उपाय लोक सर्रास करतात. तो बहुतेक वेळा वाया जातो. फरशीवर मारलेल्या औषधावरून झुरळ पोट घासत जाते. कोळी मात्र पायांच्या टोकांवर उभा असतो, त्याला औषध फारसे लागत नाही. जाळ्यात लटकणारा तर फरशीवर उतरतच नाही. थेट अंगावर फवारा बसलेला कोळी लगेच मरत नाही, वेडावाकडा पळत अंथरुणात किंवा भांड्यांत शिरतो. फवारलेले औषध बंद खोलीत माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या श्वासात जाते ते वेगळेच. याहून वाईट म्हणजे धान्यात टाकायच्या गोळ्या घरात कोपऱ्याकोपऱ्यांत ठेवणे. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्यांतून हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू सुटतो. राहत्या घरात त्या कोणत्याही कारणाने ठेवू नयेत. झोपेतल्या माणसांचा जीव जाण्याइतका हा वायू घातक आहे.

कोळ्यावर सर्वांत मोठा आळ येतो तो कातडीवरच्या चट्ट्यांचा. पावसाळ्याच्या शेवटी मानेवर, गालावर किंवा दंडावर सकाळी लाल पट्टा उठतो, आग होते, दुसऱ्या दिवशी त्यावर पाणीदार फोड येतात. ‘कोळी मुतला’ हे निदान घरातच होते. खरा कारणीभूत जीव बहुतेक वेळा एक छोटा भुंगेरा असतो, पीडेरस जातीचा. पाऊण-एक सेंटिमीटर लांब, मुंगीसारखा बारीक. डोके काळे, मधला भाग नारिंगी, पाठीवर निळसर काळे आखूड पंख, शेपटाचे टोक पुन्हा काळे. तो दिव्याकडे येतो, अंगावर बसतो आणि हाताने चिरडला की त्याच्या अंगातला पेडेरिन नावाचा दाहक पदार्थ कातडीवर लागतो. तो चावत नाही, डंखही मारत नाही. चोळलेल्या दिशेने पट्टा उमटतो म्हणून तो लांबट असतो, आणि कोपराच्या आतल्या घडीत लागला तर घडीच्या दोन्ही बाजूंना सारखाच डाग उठतो. या दोन खुणांवरून भुंगेऱ्याचे काम ओळखता येते. अंगावर असा किडा दिसला तर चिरडू नये, फुंकर मारून उडवावा. चिरडलाच गेला तर ती जागा लगेच साबणाने धुवावी आणि तो हात डोळ्याला लावू नये. चट्टा साधारण आठवडा-दोन आठवड्यांत बरा होतो. जखमेवर जळमट दाबून रक्त थांबवण्याची जुनी रीतही अजून काही घरांत आहे. धूळ आणि जंतूंनी भरलेली ती गोष्ट उघड्या जखमेवर लावणे धोक्याचे आहे.

मोठ्या कोळ्याला पकडीत दाबले तर तो चावू शकतो. वेदना होते, थोडी सूज येते. जागा साबणाने धुऊन गार पाण्याची पट्टी ठेवली की सहसा भागते, आणि सूज वाढत गेली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. दसरा काढताना खरी सावधगिरी हवी ती विंचवाची. सरपण, विटांची रास, जुनी पोती, पेटीखालची सर्द जागा इथे हात घालण्याआधी काठीने ढोसून पाहावे, आणि शक्यतो पायांत चपला असाव्यात. लाल विंचवाचा दंश, विशेषतः लहान मुलाला, जिवावर बेतू शकतो. दंशानंतर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर मंत्र-उतारे, पाला लावणे यांत वेळ घालवायचा नसतो. मूळचे मराठवाड्यातल्या जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला काम करताना १९८० च्या दशकात या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य रुग्ण वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा ताण कमी करणाऱ्या या गोळीने मृत्यूचे प्रमाण फार खाली आले. ती जितक्या लवकर पोटात जाईल तितका उपयोग जास्त, म्हणून दंश झालेल्या माणसाला जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात ताबडतोब न्यावे.